एल्ना ब्रांटेची कालवं

सुखाचे म्हणावेत असे उन्हाळे गुनवोर हालिनच्या वाट्याला लहानपणीच आले, आणि ते सगळे ल्युंगशेर बेटावरचे. तिचे वडील आनशेल्म गोथेनबर्गच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. जूनमध्ये शाळा सुटली की आई, वेंदेला, गाद्या, पातेली आणि बटाट्यांचं पोतं बांधायची आणि तिघं बोटीने बेटावर जायची. तिथे विद्यापीठाचं छोटंसं सागरी केंद्र होतं. वडील केंद्रात हौसेने राबायचे. आई एका कोळ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन महिन्यांचा संसार मांडायची.

पुढे गुनवोर स्वतः प्राध्यापक झाली, केस पिकले, तरी ते दिवस आधी तिच्या नाकाला आठवायचे. डांबर लावलेल्या होड्या, लोण्यात तळला जाणारा बांगडा, उन्हात तापलेल्या खडकावरचं शेवाळ, आईच्या भट्टीतले वेलचीचे पाव. जेवणं झाली तरी उजेड सरायचा नाही. धक्क्याच्या फळ्यांवर पाय सोडून बसायचं आणि मोठ्या माणसांचं बोलणं ऐकता ऐकता डोळे मिटायचे. कुणीतरी उचलून अंथरुणावर नेऊन टाकायचं. कोण, ते सकाळी आठवायचं नाही.

अशाच एका उन्हाळ्यात एल्ना ब्रांटे आली. उत्तरेकडच्या एका पाद्र्याची मुलगी, पंचविशी नुकतीच ओलांडलेली, हातात एक पेटी आणि छातीशी धरलेला सूक्ष्मदर्शक. केंद्रात सगळे पुरुष. तिला झोपायला माळ्यावरची खोली मिळाली, पण जेवणाचं काय, याचा विचार कुणी केलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात ती कोरडा राय-धान्याचा पाव आणि चीज खाऊन राहते हे वेंदेलाच्या कानावर गेलं. त्या संध्याकाळी वेंदेला स्वतः केंद्रावर गेली आणि म्हणाली, "पोरी, चल घरी. तुझ्या सूक्ष्मदर्शकातून बटाटे दिसत नाहीत वाटतं?"

त्या दिवसापासून एल्ना त्यांच्या टेबलावर चौथी झाली. पुढच्या उन्हाळ्यातही, आणि त्याच्या पुढच्याही. एका ऑगस्टात तिला तापाने गाठलं तेव्हा वेंदेलानेच तिला आपल्या पलंगावर निजवलं, कपाळावर थंड पट्ट्या ठेवल्या. होडीत काम करताना तिचे कपडे भिजायचे म्हणून मेणकापडाचा लांब झगाही शिवून दिला. तो घालून ती खडकांवर चालू लागली की मुलं तिला पेंग्विन म्हणायची. एल्ना मग हात आखडून तशीच चालून दाखवायची.

एल्नाचं काम कालवांवर होतं. कालवाचं पिल्लू जन्मतः पोहतं. धुळीच्या कणाएवढं असतं, पाण्याबरोबर भटकतं. मग एके दिवशी खाली उतरतं, जागा निवडतं आणि एकदा चिकटलं की जन्मभर तिथून हलत नाही. ते जागा कशी निवडतं, हे एल्नाला हवं होतं. पिल्लं कुठे बसतात ते बघायला चुना लावलेली कौलं ती दोरीने पाण्यात सोडायची. काही कोरी, काही जुन्या कालवांच्या शेजारी.

गुनवोरला तिने पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लू दाखवलं तो दिवस गुनवोरच्या मनात कायमचा राहिला. आधी नुसता गढूळ प्रकाश दिसला. मग त्यात एक पारदर्शक जीव, इवलासा पाय पुढे काढून काचेवर चाचपडणारा. चार पावलं टाकायचा, थांबायचा, पुन्हा वळायचा.

"काय करतोय हा?" गुनवोरने विचारलं होतं.

"तू सांग. मी सांगितलं तर तुला तेच दिसेल," एल्ना म्हणाली.

गुनवोरने पुष्कळ वेळ पाहिलं आणि मग भीत भीत म्हणाली, की तो घर बघत फिरतोय. एल्ना हसली नाही. ती म्हणाली, तिलाही तसंच वाटतं, पण वाटणं आणि असणं यांच्यामध्ये अख्खा उन्हाळा घालावा लागतो. मोठ्या माणसाने आपल्याशी इतक्या गंभीरपणे बोलावं, याचंच त्या मुलीला अप्रूप वाटलं. पुढची सगळी वर्षं गुनवोरने जे काही केलं त्याचं मूळ त्या दुपारी होतं, हे तिला माहीत होतं. तिच्या आईलाही माहीत होतं. दोघींनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

गुनवोर तेरा वर्षांची झाली त्या साली ऑगस्टअखेरीस वडील म्हणाले, तुम्ही दोघी पुढे व्हा, मी होड्या आवरून येतो. आई आणि ती बोटीत बसल्या. वडिलांनी धक्क्यावरून टोपी हलवली. आईने घरी पोचल्यावर खिडक्या पुसल्या, पडदे धुऊन लावले, सफरचंदाचा मुरंबा घातला. वडील आले नाहीत. आली ती बातमी, आणि तीही शेजाऱ्यांकडून, की मास्तर हालिन आणि ती ब्रांटेबाई लुंडला एकत्र राहायला लागले आहेत.

आई रडताना गुनवोरला दिसली नाही. नवऱ्याचं नाव ती घेत असे, कधीमधी, साधेपणाने. एल्नाचं नाव मात्र त्या घरात पुन्हा उच्चारलं गेलं नाही. फार वर्षांनी एकदाच ती म्हणाली, "पुरुष जातात. पण तिला मी वाढलं होतं गं." त्यानंतर कधी ल्युंगशेरला जाणं झालं नाही. वडील मधून मधून भेटायला यायचे, स्टेशनवरच्या उपाहारगृहात तिच्यासमोर बसून कॉफी प्यायचे, आणि दोघांनाही बोलायला काही सुचायचं नाही. गुनवोर पस्तिशीची असताना ते गेले. आई अंत्यविधीला गेली नाही, म्हणून गुनवोरही गेली नाही.

एल्नाचं मात्र वाईट झालं, असं लोक म्हणत. पाद्र्याच्या मुलीने बायको-मुलीचा माणूस पळवला म्हटल्यावर केंद्राने तिला दार बंद केलं. तिची अध्यापकाची जागा दुसऱ्याला गेली. पुढे एका मासेमारीच्या शाळेत ती पोरांना शिकवत राहिली आणि उरलेल्या वेळात, भाड्याच्या होडीतून, आपली कौलं पाण्यात सोडत राहिली. कालवांवरचा तिचा मोठा ग्रंथ आला तेव्हा इंग्लंड-हॉलंडच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. स्वीडनमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

बासष्ट सालच्या वसंतात सागरशास्त्र मंडळाचं पदक कुणाला द्यायचं यासाठी तीन जणांची समिती बसली. गुनवोर त्यात होती, कारण समुद्री जीवांच्या पिल्लांवर काम करणारं तिच्याइतकं जाणतं देशात दुसरं कुणी नव्हतं. होतं ते एकच, एल्ना, आणि तिचंच नाव पदकासाठी समोर आलं होतं.

गुनवोरने पहिल्या मिनिटालाच सांगून टाकलं की ही बाई माझ्या वडिलांची दुसरी बायको. मला बाजूला बसवायचं असेल तर बसवा. अध्यक्ष नुरेलियस वृद्ध होते, त्यांना ऐकू कमी यायचं, पण हे नीट ऐकू आलं. ते म्हणाले की हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो ग्रंथ वाचून समजेल असं या खोलीत दुसरं कुणी नाही. तिसरा होता प्राध्यापक रूडबर्ग. नीटनेटका माणूस, चर्चच्या मंडळावर असलेला. त्याला या नावाचा मनापासून तिटकारा होता, आणि तो त्याने लपवला नाही. पदक म्हणजे तरुणांसमोर ठेवलेला आदर्श, असं तो म्हणाला. कुणाच्या घरात जेवून त्याच घराला आग लावणाऱ्या माणसाच्या गळ्यात ते घालायचं का? मग तो गुनवोरकडे वळला.

"डॉक्टर हालिन, तुम्हाला मी काय सांगणार? जी घरात इतकी वर्षं खोटं वागली, ती आकड्यांत खरं बोलली असेल कशावरून?"

 गुनवोरला लाज वाटली, पण ती रूडबर्गची नव्हे. हा प्रश्न तिचाच होता. ग्रंथ हातात आला त्या दिवसापासून ती त्यात खोट शोधत होती. कुठेतरी एखादा आकडा फार गुळगुळीत असावा, एखादा निष्कर्ष ओढूनताणून आणलेला असावा. सापडला असता तर बरं वाटलं असतं. वाईट बाईचं वाईट काम. सगळं एका पिशवीत घालून गाठ मारता आली असती.

"कशावरून, ते बघावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "मला हा उन्हाळा द्या. तिचे प्रयोग मी पुन्हा करते."

आणि अशी ती सत्तावीस वर्षांनी ल्युंगशेरला गेली. बोट आता डिझेलवर चालत होती. कोळ्याच्या त्या घराला नवा रंग लागला होता आणि वरच्या मजल्यावर स्टॉकहोमचं कुणी कुटुंब सुट्टीला आलं होतं. खिडकीत त्यांचे ओले टॉवेल लटकत होते. गुनवोर धक्क्यावर उतरली. खडक, डांबर, शेवाळ, सगळं जागच्या जागी होतं. नव्हती ती माणसं. वडील इथे वाकून होडीतलं पाणी उपसायचे. तिथे आई टोपली घेऊन उभी असायची, हाका मारायची, आणि एल्ना मेणकापडाच्या झग्यात वर यायची, हात आखडून, आणि आई कमरेवर हात ठेवून हसत सुटायची. गुनवोरला धक्का बसला तो याचा, की ते हसणं खरं होतं. नंतर जे झालं त्याने ते मागे जाऊन पुसलं गेलं नव्हतं. ती बराच वेळ आपल्या बॅगेवर बसून राहिली.

मग तिने कामाला हात घातला. कौलं आणली, चुना कालवला, ग्रंथात सांगितलंय तसंच सगळं केलं. जिथे सोपी वाट दिसली तिथे मुद्दाम अवघड घेतली. पिल्लं मोजताना कोणतं कौल कुठल्या जागेचं हे स्वतःलाच कळू नये म्हणून केंद्राच्या स्वयंपाकीणबाईकडून त्यांना खुणा करून घेतल्या. ती बाई वैतागायची, म्हणायची, "बाई, तुम्हाला स्वतःवरच विश्वास नाही का?" गुनवोर म्हणायची, नाही, या कामात तर अजिबात नाही.

उन्हाळा सरत आला तशी उत्तरं येऊ लागली. पिल्लं जुन्या कालवांच्या शेजारीच गर्दी करून बसत होती. कोरं कौल कितीही जवळ ठेवलं तरी त्याला ओलांडून आपल्या जातीच्या वासावर जात होती. शिंपले उकळून वास घालवला की जात नव्हती. एल्नाने लिहिलं होतं ते जसंच्या तसं. एका ठिकाणी मात्र ती चुकली होती. उजेडाने काही फरक पडत नाही असं तिने लिहिलं होतं, आणि गुनवोरच्या कौलांवर पिल्लं सरळसरळ सावलीच्या बाजूला बसली.

त्या दिवशी गुनवोरने मोठ्या आशेने ग्रंथातलं ते पान उघडलं. आणि तिथे, एल्नाच्याच कोष्टकात, तिला सावलीकडे झुकणारे आकडे छापलेले दिसले. निष्कर्षाला अडचणीचे, तरी छापलेले. खाली एल्नाने लिहिलं होतं की हे आकडे माझ्या म्हणण्याशी जुळत नाहीत, कारण मला समजलेलं नाही, पुढच्याने बघावं. गाळले असते तर कुणालाही पत्ता लागला नसता.

गुनवोरने पुस्तक मिटलं. तिला आनंद झाला नाही आणि रागही धड आला नाही. ही बाई तिच्या आईशी खोटं बोलली होती आणि कालवांशी बोलली नव्हती. दोन्ही खरं होतं, आणि एक दुसऱ्याला कापत नव्हतं.

सप्टेंबरात समिती बसायच्या आधीच्या रविवारी ती आईकडे गेली. वेंदेला पंच्याहत्तरीच्या घरात होती, पाठ ताठ, घर लखलखीत. कॉफी ओतून झाली, पावांचं ताट पुढे आलं, आणि गुनवोरने न सजवता सांगितलं की मी उन्हाळाभर बेटावर होते, कशासाठी होते, आणि आता मला काय लिहावं लागणार आहे.

 आईने विचारलं, काम चांगलं आहे का. गुनवोर म्हणाली, चांगलं आहे. फार चांगलं आहे.

"मग चांगलं म्हण," वेंदेला म्हणाली. "मी तुला खोटं लिहायला वाढवलेलं नाही. माझ्यासाठी तर मुळीच नको लिहूस. पण ते तिकडे म्हण, तुमच्या कागदावर. या टेबलावर नको. इथे ती बसलेली आहे अजून."

गुनवोरने मान हलवली. आईने तिच्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला आणि शेजारणीच्या गुडघेदुखीचा विषय काढला.

समितीत गुनवोरने आपले आकडे मांडले. चूक दाखवली, आणि ती चूक कशी उघड्यावर ठेवलेली होती तेही दाखवलं. रूडबर्गने शांतपणे ऐकलं. शेवटी तो म्हणाला की कामाबद्दल माझं काही म्हणणं उरलं नाही, पण माणसाबद्दलचं माझं मत तसंच आहे.

"माझंही फारसं वेगळं नाही," गुनवोर म्हणाली. "पण पदकावर 'कालवांच्या अभ्यासासाठी' असं लिहायचंय. नवऱ्या-बायकोच्या वागणुकीसाठी मंडळाने कधी पदक काढलं, तर तेव्हा मी तिच्याविरुद्ध मत देईन, आणि साक्षही देईन."

नुरेलियस हसले, आणि त्यांनी हे दोनदा सांगायला लावलं. रूडबर्गने विरोधात मत दिलं, पण तिला दारापर्यंत सोडायला आला आणि तिला कोट घालायला मदत केली.

डिसेंबरात स्टॉकहोमला समारंभ झाला. एल्ना आली ती साध्या करड्या पोशाखात, काठी टेकत. चेहरा वाऱ्याने रापलेला, बोटांवर शिंपल्यांचे जुने ओरखडे. टाळ्या बेताच्याच झाल्या. नंतर लोक गटागटाने उभे राहिले आणि तिच्याभोवती जराशी मोकळी जागा राहिली. गुनवोर ती जागा ओलांडून गेली.

"गुनवोर," एल्ना म्हणाली, आणि मग सावरून, "डॉक्टर हालिन. तुमचा अहवाल वाचला मी. सावलीचं बरोबर आहे. मी इतकी वर्षं बघत होते आणि दिसलं नाही."

"तुम्ही आकडे छापले होते म्हणून मला दिसलं."

एल्नाने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "आणि बाकीचं?" तिने हळूच विचारलं.

"बाकीचं मोजायचं माझ्याकडे आलेलं नव्हतं," गुनवोर म्हणाली. "ते माझ्या आईचं आहे. मला त्यातलं काही सोडून देता येत नाही."

एल्नाने मान डोलावली. क्षमा मागायचा तिने प्रयत्न केला नाही, याचं गुनवोरला बरं वाटलं. दोघी खिडकीशी जाऊन बसल्या. बाहेर बर्फ पडत होतं. आणि मग गुनवोरच्या तोंडून, तिने ठरवलेलं नसताना, वडिलांचा विषय निघाला. शेवटी ते कसे होते, तिने विचारलं. एल्नाने सांगितलं. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना दिसायचं कमी झालं होतं, पण शाळेतल्या पोरांची नावं वर्गाच्या वर्ग पाठ होती. झोप आली नाही की रांगेने म्हणायचे. मुलीचे निबंध छापून आले की एल्ना त्यांना वाचून दाखवायची. समजत नसे त्यांना फारसं. तरी पुन्हा वाच म्हणायचे. गुनवोर ऐकत राहिली. या माणसाला जवळून ओळखणारी जगात आता दोनच माणसं होती, आई आणि एल्ना, आणि आई एल्नाचं नाव घेत नव्हती. हे असलं आपल्याला सांगायला आता एल्नाशिवाय कोण उरलंय, असं तिच्या मनात आलं.

त्यानंतर दोघींची भेट झाली नाही. कामापुरती पत्रं जात-येत राहिली, सावलीबद्दल, चुन्याबद्दल, पाण्याच्या उष्णतेबद्दल. एल्नाच्या पत्रात कधी तक्रार नसे. पाचव्या वर्षी वसंतात ती लुंडला वारली.

गुनवोर आईकडे मुक्कामाला होती तेव्हाच कळलं. तिने आईला एवढंच सांगितलं की उद्या मला लुंडला जायचंय. कशाला, ते आईने विचारलं नाही. वर्तमानपत्र तीही वाचत असे. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून इस्त्रीचा वास आला. वेंदेला गुनवोरचा काळा ब्लाऊज टेबलावर पसरून एकेक चुणी काढत होती.

"चुरगळलेला घालून जाऊ नकोस," ती मान वर न करता म्हणाली. "हालिनांची मुलगी आहेस. लोक बघतील."

सकाळच्या गाडीत गुनवोर खिडकीशी बसली. बाहेर शेतातलं बर्फ वितळत होतं, मधूनच काळी माती दिसत होती. लुंडच्या त्या छोट्या चर्चमध्ये मोजकीच माणसं असतील. मासेमारीच्या शाळेतले काही जुने विद्यार्थी येतील, कदाचित दोघं-तिघं परदेशी. पाद्र्याला काय बोलावं ते सुचणार नाही. कुणी विचारलंच तर तिच्या कालवांबद्दल आपण दोन शब्द बोलू, असं तिने ठरवलं आणि गाडीच्या लयीत मनाशी वाक्यं जुळवायला घेतली. ती काही केल्या जुळेनात. सारखा मध्ये येत होता तो लख्ख उजेड, धक्क्याच्या उबदार फळ्या, आणि अर्धवट झोपेत कानावर पडणारी तिघांची बोलणी.